माझ्या मिळकतीतील सोमवारचा वाटा

मी, खाली सही करणारा, जलमीटर तपासणी केंद्रातून निवृत्त झालेला तपासनीस, वय साठी ओलांडलेले, ज्याला गल्लीत, नात्यागोत्यात आणि पूर्वीच्या कचेरीत 'मिस्त्री' म्हणून ओळखतात, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, माझ्या हाताने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवत आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे. हे वाक्य वकीलबाईंनी घालायला लावले. मी त्यांना म्हणालो, "चित्त ठिकाणावर आहे, पण त्या ठिकाणी काय चाललंय ते मला कळत नाही. तसं लिहू का?" त्या म्हणाल्या, "लिहा. पण गोंधळ नेमका कशाचा आहे ते स्पष्ट लिहा, म्हणजे तुमच्या पश्चात कोणाला भलता अर्थ काढता येणार नाही." म्हणून स्पष्ट लिहितो. त्यामुळे हा लेख लांबला आहे. वाचणाऱ्याने धीर धरावा.

माझे वारस तीन: माझी पत्नी, जिचा उल्लेख मी यापुढे 'ही' असाच करणार, कारण आयुष्यभर तसाच केला, थोरली मुलगी, आणि धाकटा मुलगा. दोन्ही मुले आपापल्या घरी सुखी आहेत.

कलम १. मागचे मृत्युपत्र रद्द.

मागच्या उन्हाळ्यात मी एक मृत्युपत्र केले होते. ते पूर्णपणे रद्द समजावे. ते लिहिताना मी आजारी आहे अशी माझी खात्री होती, आणि ती खात्री खोटी निघाली. हकीकत अशी.

नोकरीत असताना माझे उन्हाळ्यातले शनिवार-रविवार घरदुरुस्तीत जात. उन्हाळ्यात लाकूड कोरडे असते, रंग चटकन वाळतो आणि उजेड उशिरापर्यंत पुरतो. हा नाद लागण्याआधी सुट्टीच्या दिवशी कचेरीतल्या शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र बुद्धिबळ खेळायला येत असे. तो एका हिवाळ्यात अचानक गेला. पुढच्या उन्हाळ्यात मी बाजारातून एक करवत, एक रंधा आणि खिळ्यांचे पुडके घेऊन आलो आणि स्वयंपाकघरात डब्यांसाठी फळी ठोकली. तिथून पुढे पुस्तकांचे कपाट, मुलांची अभ्यासाची टेबले, खिडक्यांच्या जाळ्या, जोड्यांची मांडणी, असे चालूच राहिले. शनिवारी कापायचे, रविवारी जोडायचे आणि संध्याकाळी कंबरेवर हात ठेवून लांबून बघायचे, असा शिरस्ता होता.

सोमवारी मी कामावर जाई. परत येऊन पाहावे तर वस्तू रविवारपेक्षा नीट दिसे. डुगडुगणारे टेबल डुगडुगत नसे. जे दार घासत होते ते अलगद लागे. मला वाटे, सरस मुरतो, लाकूड आपल्या जागी बसते. हा सिद्धान्त मी कचेरीत चारचौघांना सांगतही असे. नव्या वस्तूला एक दिवस द्यावा, ती आपोआप शहाणी होते. 'मिस्त्री' हे नाव मला तिथेच पडले.

मग मी निवृत्त झालो. आता सातही दिवस आपले, या आनंदात मी बरण्यांसाठी मांडणी केली. ती तिरकी झाली. मी तिला एक दिवस दिला. दोन दिवस दिले. आठवडा दिला. ती बरण्यांसकट खाली आली. नंतर बाहेरच्या खोलीत घड्याळासाठी कोनाडा केला, त्याचे एक अंग निखळले. खिडकीची चौकट केली, ती खिडकीत जाईना. ज्या हातांनी इतकी वर्षे घर उभे ठेवले त्या हातांना अचानक काय झाले, हे मला कळेना.

मी नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. ही बरोबर होती. डॉक्टरांनी मला डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितले, मुठी आवळायला लावल्या, कोपरावर छोटी हातोडी मारून पाहिली. म्हणाले, "हात उत्तम आहेत."

"मग फळी तिरकी का लागते?"

"फळी मी तपासलेली नाही," डॉक्टर म्हणाले.

परत येताना ही सारा वेळ गप्प होती. मी त्यावरून ताडले की डॉक्टरांनी माझ्यापासून लपवून हिला खरे काय ते सांगितले आहे. दिवस थोडे उरले असे धरून मी मृत्युपत्र लिहायला घेतले, आणि मुले शनिवारी जेवायला आली तेव्हा ताटावरच वाचून दाखवले. हत्यारे धाकट्याला दिली होती. शेवटी मी म्हणालो, "हात गेले की हत्यारं नुसती गंजत पडतात. तू तरी वापर."

धाकट्याने ताट बाजूला सारले. "बाबा, तुमच्या हातांना काही झालेलं नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्ही आता सोमवारी घरी असता, एवढंच झालंय."

"गप रे," थोरली म्हणाली.

"किती गप बसायचं? ते मरायला टेकल्यासारखे निरवानिरव करताहेत, आणि आपण आमटी ओरपायची? बाबा, तुम्ही केलेलं सगळं आई सोमवारी खोलून परत लावायची. आम्ही स्क्रू धरायचो."

मी हिच्याकडे पाहिले. ही पातेले हातात धरून उभी होती. "कुणाला अजून वाढू का?" असे म्हणाली.

"खरं आहे का हे?" मी विचारले.

"सगळं नाही," ही म्हणाली. "काही काही चांगलं असायचं."

आपण मरणार नाही, हे कळल्यावर माणसाला आनंद होतो असे ऐकून आहे. मला तो नीट झाला नाही. 'काही काही' म्हणजे काय काय, एवढेच डोक्यात घुमत राहिले.

कलम २. बँकेतील ठेवी.

माझ्या पश्चात त्या सर्वस्वी हिच्या. त्यांच्याबद्दल मला काहीही गोंधळ नाही, म्हणून हे कलम एवढेच.

कलम ३. घरातील लाकडी सामान, ज्याचा कर्ता अनिश्चित आहे.

त्या जेवणानंतर मी हिला कागद-पेन्सिल दिली आणि म्हणालो, "कुठली वस्तू माझी, कुठली तुझी, आणि कुठली निम्मीनिम्मी, ते सांग."

"आता कसं सांगू? किती वर्षं झाली."

"आठव."

"अहो, मी काय शिक्का मारून ठेवत होते का?"

माझी सारी नोकरी दुसऱ्यांच्या मीटरातल्या चुका शोधण्यात गेली. हेही शोधून काढू, अशा जिद्दीने मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरभर फिरलो. पहिला धागा लवकर सापडला. मी स्क्रू पिळला की त्याची खाच जिथे थांबेल तिथे थांबते. काही स्क्रूंच्या खाचा मात्र सगळ्या उभ्या, एका रेषेत, शिवणीच्या टाक्यांसारख्या. ही मुलींच्या शाळेत शिवण शिकवत असे. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असली की सोमवारी पूर्ण दिवस हिच्या हातात असायचा, हा हिशेब मी इतक्या वर्षांत एकदाही केला नव्हता.

अभ्यासाची टेबले हिची निघाली. खिडक्यांच्या जाळ्याही हिच्या, फक्त रंग माझा. पुस्तकांच्या कपाटाशी मात्र मी अडलो. त्यात आडव्यातिडव्या खाचा होत्या, उभ्याही होत्या, आणि पाठीमागे काही ठिकाणी लाकडी खुंट्या होत्या, ज्या मी कधी केल्या नाहीत. मी हिला बोलावून दाखवल्या. ही वाकून बघत म्हणाली, "या माझ्या नव्हेत."

"मग कुणाच्या?"

"तुमच्या असतील."

"मला खुंटी करता येत नाही!"

"मलाही नाही."

दोन्ही मुलांना फोन केले. दोघांनीही कानावर हात ठेवले. त्या खुंट्या कोणाच्या हे आजतागायत कळलेले नाही, आणि कपाटाचा सगळा भार नेमका त्यांच्यावर आहे.

शोधाच्या भरात मी कपाट पूर्ण सुटे केले होते. पुस्तके जमिनीवर, फळ्या भिंतीला टेकलेल्या, स्क्रू वाटीत. संध्याकाळी ते परत उभे करायला गेलो तर कुठली फळी कुठे ते समजेना.

"आता लाव परत," मी हिला म्हणालो.

"मी? माझा काय संबंध? कपाट तुमचं आहे ना?"

"तेच तर मी सकाळपासून विचारतोय!"

"मग विचारत बसा."

माझा तोल गेला. "इतकी वर्षं मला फसवलंस. गल्लीत, कचेरीत मला मिस्त्री म्हणतात, आणि तू घरात बसून हसत होतीस."

"एकदा तरी हसताना बघितलंत मला?" ही म्हणाली. "आणि फसवलं कसलं? कधी विचारलंत का, की हे कुणी नीट केलं? विचारलं असतंत तर सांगितलं असतं. ठीक आहे. आजपासून तुमच्या कुठल्याही कामाला मी हात लावणार नाही."

त्यानंतर मी मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत खाट टाकली. माझी हत्यारे तिथेच असतात. जेवायला घरात जात असे; ही वाढत असे; बोलणे मीठ आहे का, नाही का, एवढेच. मी शनिवारी सवयीने करवत हातात घेई, आणि दोन ओढींनंतर ठेवून देई. कारण लाकूड कापताना आता माझ्या मनात एकच येई: हे सोमवारी कोणाचे होणार? ही बंद खिडकीआडून बघते आहे की नाही, तेही मला कळत नसे. बघत असेल तर राग येई. बघत नसेल तर अधिक येई. हे कसे, ते वकीलबाईंनी कायद्याच्या भाषेत बसवावे. मला जमले नाही.

व्यवस्था: अभ्यासाची टेबले ज्याची त्याला. जाळ्या घराबरोबर राहतील. कपाट थोरलीला द्यावे. ते आज उभे आहे, पण कोणी उभे केले हे तिने विचारू नये, कारण पुढे समेट झाल्यावर ते उभारताना आम्ही दोघेही एकेक टोक धरून एकमेकांवर ओरडत होतो. खुंट्या काढून पाहू नयेत.

कलम ४. मेव्हण्याविषयी.

हिचा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, एके वर्षी माझी पाणसळ मागून घेऊन गेला. पाणसळ म्हणजे लाकडी पट्टीत बसवलेली काचेची नळी, जिच्यातला बुडबुडा मधोमध आला की फळी समपातळीत आहे असे समजावे. ती त्याने परत केली नाही, असे मी धरून चाललो. माझ्या फळ्या तिरक्या का, असे कोणी म्हटले की मी मेव्हण्याचे नाव घेई. त्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी मुद्दाम उशिरा गेलो आणि लवकर निघालो.

कपाटाचा शोध चालू असताना ती पाणसळ मला हिच्या शिवणाच्या पेटीत, रिळांच्या आणि बटणांच्या खाली सापडली. मेव्हण्याने ती त्याच आठवड्यात आणून हिच्या हातात दिली होती. "मला सोमवारी लागायची," ही म्हणाली.

सबब पाणसळीचा राग मी मागे घेतो. परंतु माझ्या पहिल्या टेबलाला हाच मेव्हणा 'नुकतंच जन्मलेलं वासरू' म्हणाला होता, तो राग स्वतंत्र आहे व तो कायम राहील. मेव्हणा या लेखावर साक्षीदार असल्याने वकीलबाईंच्या सल्ल्याप्रमाणे त्याला मिळकतीतले काहीही देता येत नाही. त्याबद्दल मी वकीलबाईंचा आभारी आहे.

कलम ५. राहते घर.

मी मागच्या अंगणापर्यंतचे सर्व घर हिला हयातभर देतो, आणि हिच्यामागे दोन्ही मुलांना समसमान. हे कलम आधी यायला हवे होते. पण घर देण्याआधी घरात काय घडले ते सांगणे भाग होते, आणि सर्वांत मोठे घडले ते न्हाणीघरात.

त्या न्हाणीघराचे दार मी निवृत्तीनंतर नव्याने बसवले होते. म्हणजे घरातले ते एकमेव दार, ज्याला हिचा हात लागलेला नव्हता. उन्हाळा सरता सरत नव्हता. एका दुपारी मी पत्र्याच्या खोलीत पडलो होतो. घरातून ठोकल्याचा आवाज आला. आधी वाटले, ही रागाने काहीतरी आपटते आहे. मग हाक आली.

"अहो! ऐकू येतंय का?"

मी धावत गेलो. "काय झालं?"

"कडी फिरतेय, पण दार उघडत नाही. फुगलंय बहुतेक."

न्हाणीघराला खिडकी नाही, वर हातभर झरोका आहे. हिला कोंदट जागेत धाप लागते. मला हे माहीत होते आणि दार बसवताना ते मी विसरलो होतो. मी दाराला खांदा दिला. दार आणखी घट्ट बसले.

"ढकलू नका!" ही आतून म्हणाली. "दार बाहेर उघडतं ना तुमचं? मग ढकलून काय होणार? बिजागऱ्या बाहेर आहेत ना?"

"हो."

"मग सोपं आहे. स्क्रूंना हात लावू नका. बिजागरीच्या मधली पिन काढायची. खालची आधी. हातोडी आणि मोठा स्क्रू ड्रायव्हर आणा, आणि खालून वर ठोका."

मी आणले. आतून श्वासाचा आवाज येऊ लागला होता, करवतीसारखा.

"तू बस खाली. बोलू नकोस."

"मी नाही बोलत. तुम्ही बोला. नुसती ठोकाठोक ऐकली की जीव घाबरतो."

"काय बोलू?"

"काहीही. इतके दिवस तोंडाला कुलूप घातलंत, त्याच्या आतलं काहीतरी काढा."

पिनेवर एक घाव घालून मी विचारले, "का केलंस?"

धाप आवरत ही म्हणाली, "तुमचे मित्र गेले ना, त्यानंतर शनिवार-रविवार तुम्ही पट मांडून बसायचात. सोंगट्या लावायच्या, आणि खेळायचं नाही. मुलं जवळ आली तरी कळायचं नाही तुम्हाला. मी चहा ठेवायची, मीच गार झालेला उचलायची. आठवतं?"

मला पट आठवत होता. चहा आठवत नव्हता.

"मग एका रविवारी तुम्ही ती फळी ठोकलीत आणि संध्याकाळी शीळ घातलीत. किती महिन्यांनी! आणि सोमवारी दुपारी फळी पडली. डबे सगळे खाली, पीठ सगळीकडे. तुम्ही घरी येऊन ते बघितलं असतंत तर परत पटासमोर बसला असतात. मग मी लावली ती. परत पडू नये म्हणून जरा नीट लावली."

"म्हणजे माझ्यासाठी?"

आतून काहीच आले नाही. मी घाबरून दारावर थाप मारली. "अगं!"

"आहे, आहे. विचार करतेय." मग हळू आवाजात म्हणाली, "आधी तुमच्यासाठी. नंतरचं मला नाही सांगता येत. शनिवारी तुम्ही करवत लावलीत की मी स्वयंपाकघरात कान देऊन ऐकायची, कुठे चुकतंय. सोमवार कधी येतो असं व्हायचं. शाळेत काय, त्याच त्या मुली, तीच काजं. इथे दर वेळी नवीन काहीतरी बिघडलेलं असायचं. खरं सांगू? एखादी वस्तू तुम्ही बरोबर केलीत ना, की माझा सोमवार वाया जायचा."

"मग माझ्यासाठीचं तुझ्यासाठी कधी झालं?"

"खालची पिन निघाली का?"

"निघाली."

"मग वरची."

वरची पिन निघाली तसे दार माझ्या अंगावर आले. मी दारासकट बाजूला कोलमडलो. ही घामाने निथळत बाहेर आली आणि उंबऱ्यावरच बसली. मी पाणी आणले. हिने अर्धे प्यायले आणि उरलेले माझ्या डोक्यावर ओतले, कारण म्हणे माझा चेहरा हिच्यापेक्षा लाल झाला होता. मग दाराच्या कडेवरून बोट फिरवून म्हणाली, "रंधा उलटा मारलात. तंतू उभे राहिलेत बघा."

मला हसू येत होते की रडू, ते मी ठरवू शकलो नाही. बहुधा दोन्ही सुरू झाले, कारण ही घाबरून माझी पाठ चोळू लागली. त्या रात्रीपासून खाट पुन्हा घरात आहे.

अट: न्हाणीघराच्या दाराला आतून कडी बसवू नये. आत कोणी आहे हे कळावे म्हणून आतल्या माणसाने गावे. धाकट्याने न गाता नुसते खोकावे.

कलम ६. हत्यारे आणि अंगणातील बाक.

मी सर्व हत्यारे हिच्या नावे लिहिली आणि हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, "माझी मला काय देताय?" चौकशी केली असता असे निष्पन्न झाले की पटाशी, छोटा रंधा आणि चांगली करवत हिने आपल्या पगारातून वेळोवेळी आणून माझ्या पेटीत ठेवली होती. मी ती माझीच समजून वापरली, आणि बोथट केली. सबब दुरुस्ती अशी: हत्यारे ज्या व्यक्तीची आहेत तिच्याचकडे राहतील, माझा त्यांवरील समज मी सोडून देतो.

बाकाविषयी. न्हाणीघराच्या प्रसंगानंतर हा उन्हाळा आला तेव्हा ही शनिवारी सकाळी एक लांब फळी ओढत अंगणात आली आणि म्हणाली, "त्या टोकाला धरा." मी धरले. आम्ही उभ्या आयुष्यात पहिल्यांदा एक नवी वस्तू मिळून, एकाच दिवशी घडवत होतो. मी पोलादी टेपने मापत होतो, ही शिवणाच्या फितीने. माझे म्हणणे, फीत ताणली जाते. हिचे म्हणणे, ताणणाऱ्याचा हात बघावा लागतो. संध्याकाळी बाक उभा राहिला आणि डुगडुगला.

"तुमचा पाय लांब आहे," ही म्हणाली.

"तुझा आखूड आहे," मी म्हणालो.

मी एक पाय थोडा कापला. बाक दुसऱ्या बाजूला डुगडुगू लागला. पुढच्या शनिवारी हिने दुसरा कापला. मग मी. मग ही. थोरली भेटायला आली तेव्हा आम्ही दोघे गुडघे छातीशी घेऊन बाकावर बसलो होतो. तिने विचारले, "हा असा बुटका का केलात?" आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवले.

तो अजून डुगडुगतो. आता तो सोमवारी नीट होण्याची सोय उरलेली नाही, कारण जिने नीट करायचा तिनेच तो बिघडवला आहे. पण एक गोष्ट लिहून ठेवतो. या घरातली ही एकच वस्तू अशी आहे जिच्याकडे बघताना मला, ही कोणाची, असा प्रश्न पडत नाही.

व्यवस्था: बाक हिच्यामागे नातवंडांना. त्यांना तो उंचीला बरोबर होतो.

कलम ७. उरलेला प्रश्न.

मी आयुष्यभर माणसाने मीटरला, आणि मीटरने माणसाला फसवू नये म्हणून पगार घेतला. असे असून माझ्याच घरात किती माझे व किती हिचे वाहिले, याची नोंद मला लावता येत नाही. ही मला सांभाळत होती, की स्वतःचा खेळ खेळत होती? सांभाळत असेल तर मी ओझे होतो. खेळत असेल तर मी निदान खेळगडी होतो, पण मला डाव चालू असल्याचे कोणी सांगितले नव्हते. कधी वाटते, याहून मोठे प्रेम कोणी कोणावर केले नसेल. कधी वाटते, मला एकदा तरी पडलेली फळी बघू द्यायला हवी होती. मी उभा राहिलो असतो. राहिलो असतो का? हेही मला माहीत नाही.

हा प्रश्न मी थोरलीला देतो. तिने माझ्या पश्चात, योग्य वेळ पाहून, आईला विचारावे की माझ्यासाठीचे काम तिच्यासाठीचे कधी झाले. उत्तर मिळाल्यास ते तिने स्वतःकडे ठेवावे. मी हे कलम तिला फोनवर वाचून दाखवले.

ती म्हणाली, "बाबा, आई शेजारच्या खोलीत आहे. तुम्हीच विचारा ना."

"विचारलं. दर वेळी ती मला हातोडी आणायला पाठवते."

थोरली बराच वेळ हसली, आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला. "ठीक आहे," ती म्हणाली. "माझ्या नावावर टाका."

कलम ८. अंमलबजावणी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी धाकट्याने करावी. खरे बोलून भरल्या ताटावरची शांतता मोडण्याची खोड आमच्यात त्या एकट्याला आहे, आणि अशा कामाला ती लागते. काही वाद उपस्थित झाल्यास दोन्ही भावंडांनी आधी आईला विचारावे. आई उत्तर देणार नाही, परंतु विचारून घ्यावे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, हिला मोठ्याने वाचून दाखवला व तो मला मान्य आहे. हिलाही मान्य आहे की नाही, हे हिने स्पष्ट केले नाही. फक्त कलम तीनमध्ये जाळ्यांचा रंगसुद्धा हिनेच दुसऱ्यांदा दिला होता, एवढी हरकत घेतली आहे. ती इथे नोंदवली.

स्थळ: राहत्या घराचे मागचे अंगण.
दिनांक: उन्हाळ्याच्या सुट्टीचा शेवटचा रविवार, दिवस मावळण्याआधी. आकड्यातील तारीख वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे.

लिहून ठेवणार: 'मिस्त्री', निवृत्त मीटर तपासनीस (सही)

आमच्या समक्ष वरील सही झाली:
साक्षीदार पहिले: नसांचे डॉक्टर (सही). यांनी लिहिणाऱ्याचे हात व चित्त दोन्ही ठीक असल्याचे सांगितले. फळीबद्दल मत देण्यास त्यांनी याही वेळी नकार दिला.
साक्षीदार दुसरे: हिचा भाऊ (सही). वासराबद्दलचे शब्द मागे घेण्याची त्याला संधी देण्यात आली. त्याने ती घेतली नाही.

खुलासा: सही आम्ही बाकावर बसून केली. मी पेन टेकवले त्याच क्षणी ही शेजारी येऊन बसली, बाक हिच्या बाजूला कलला आणि माझी सही शेवटच्या अक्षराशी वर चढत गेली आहे. ती माझीच आहे. कोणीही दुरुस्त करू नये.